पैसा आधी बँकेत, मग पोस्टर : पूलविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पूलच्या (पॉकेटं असलेल्या टेबलावर क्यू या काठीने बॉल घालायचा खेळ) नियमांवर छोटी माहिती दिली होती, तेव्हापासून पत्रं येताहेत. निव्वळ नियम विचारणारी त्यात थोडीच. बाकीच्यांना एकतर खेळाडूंचं वागणं खुपतं, नाहीतर एवढ्या लोकप्रिय खेळात पैसा का नाही हे कोडं पडतं. हे दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, म्हणून या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न : स्नूकरपटू लाखो पौंड जिंकतात. पूल तर त्याहून जास्त देशांत खेळला जातो, तरी त्याचे व्यावसायिक खेळाडू कायम ओढगस्तीत. खेळाडूंची बेशिस्त बघून प्रायोजक पळतात, हे खरं का?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : अर्धंच खरं आहे. वागण्याने खेळाची अब्रू जाते, पण पूलची तिजोरी रिकामी राहिली ती आधी दुसऱ्या कारणांनी.

स्नूकरचंच बघा. डिसेंबर 2006 मध्ये यूके चॅम्पियनशिपमध्ये स्टीफन हेंड्रीविरुद्ध 4-1 असा मागे पडलेला रॉनी ओसलिव्हन सहावी फ्रेम (डाव) अर्ध्यात सोडून, हात मिळवून सरळ निघून गेला. सामना हेंड्रीला 9-1 असा बहाल झाला, चौकशी झाली आणि ओसलिव्हनला 20,800 पौंडांचा दंड बसला. खेळातल्या सगळ्यात मोठ्या नावाने भर प्रेक्षकांत असं केलं, म्हणून स्नूकरचा पैसा आटला नाही. शेफील्डच्या क्रूसिबलमध्ये 1977 पासून भरणाऱ्या जागतिक स्पर्धेचा विजेता आज 5 लाख पौंड घेऊन जातो. तिथे चौकशी करणारी एकच संस्था आहे, तिचा निकाल सगळ्या स्पर्धांना लागू होतो आणि प्रायोजकाला नेमकं कोणाशी बोलायचं ते ठाऊक असतं. खेळाडू काही देवमाणसं नसतात, पण चूक झाली तर पुढे काय होणार हे आधीच ठरलेलं असतं.

पूलमध्ये ते ठरलेलं नाही. जागतिक महासंघ 1987 पासून आहे, पण मोठ्या पैशाच्या स्पर्धा बहुतेक खासगी आयोजकांच्या हातात. मॅचरूम या इंग्लिश कंपनीने स्वतःची 9-बॉल (नऊ बॉलचा पूल, यात टेबलावरच्या सगळ्यात लहान नंबरच्या बॉलला आधी लागावं लागतं) मालिका आणि क्रमवारी उभी केली. मग मान्यतेवरून महासंघाशी वाद पेटला, आणि 'मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळाल तर बंदी' असे इशारे खेळाडूंपर्यंत गेले. भांडण वरच्यांचं, पण कुठलं विमान पकडायचं हा पेच खेळाडूचा. शिस्तीचंही तेच होतं. एका आयोजकाने बाहेर काढलेला खेळाडू पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या स्पर्धेत ब्रेक (डावाचा पहिला, बॉल फोडणारा फटका) करताना दिसतो, मग दंडाचा धाक राहणार कसा?

आणि आता आयोजकांच्या वागण्याबद्दल, कारण ते कोणी विचारतच नाही. 1996 च्या एप्रिलमध्ये डॅलसला एका स्पर्धेत सलग दहा रॅक (डाव) साफ करणाऱ्याला दहा लाख डॉलर जाहीर झाले होते. अर्ल स्ट्रिकलंडने ते करून दाखवलं. त्यावर बक्षिसाचा विमा उतरवणाऱ्या कंपनीने हरकत घेतली आणि प्रकरण तडजोडीवर मिटलं. पुढे 2005 मध्ये टीव्हीवरच्या जाहिराती कार्यक्रमांतून पुढे आलेल्या केव्हिन ट्रुडो यांनी इंटरनॅशनल पूल टूर काढली. जुलै 2006 मध्ये लास वेगासला थॉर्स्टन होमानने साडेतीन लाख डॉलर जिंकले. सप्टेंबरमध्ये रीनोला फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसने पाच लाख डॉलर जिंकले, तोवरचं पूलमधलं सगळ्यात मोठं बक्षीस. पण रीनोचे पैसे वेळेवर मिळालेच नाहीत. खेळाडूंना ते हप्त्याहप्त्याने घ्यावे लागले आणि टूर तिथेच बसली. 1976 पासून चालत आलेल्या यूएस ओपन 9-बॉलसारख्या मानाच्या स्पर्धेतही बक्षिसं उशिरा मिळाल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत राहिल्या. शेवटी 2018 मध्ये ती स्पर्धा मॅचरूमने विकत घेतली.

आमच्या मते पूलची खरी नाचक्की या व्यवहारांनी केली. आरडाओरडा करणाऱ्या खेळाडूची क्लिप चार दिवस फिरते आणि लोक विसरतात. बुडालेलं बक्षीस मात्र पुढच्या दहा वर्षांच्या प्रायोजकांना लक्षात राहतं.

अजून एक कारण आहे. पूल लोक स्वतः खेळतात, बसून बघत नाहीत. 1979 मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेतल्या हौशी लीगचे आज सुमारे अडीच लाख सभासद आहेत. ते दर आठवड्याला फी भरतात, बारमध्ये खेळतात आणि घरी जातात. तो पैसा त्या लीगमध्येच फिरतो, व्यावसायिकांपर्यंत पोचत नाही. व्यावसायिक स्पर्धेचे प्रायोजक मग कोण उरतात? टेबलवाले, क्यूवाले, कापडवाले. म्हणजे घरचेच, आणि त्यांचे खिसे मर्यादित.

प्रश्न : अलीकडे सौदी अरेबियात मोठी बक्षिसं लागतात असं ऐकलं. आता खेळाडूंचं बरं चाललं असेल ना?
(ठाणे)

उत्तर : वरच्या वीस-तीस जणांचं, हो. 2024 मध्ये जागतिक पूल स्पर्धा जेद्दाला गेली. एकूण बक्षीस दहा लाख डॉलर, त्यातले अडीच लाख विजेत्याला. त्या वर्षी फेडोर गोर्स्टने एक्लेंट काचीला 15-14 असं हरवलं, 2025 मध्ये कार्लो बियाडोने गोर्स्टलाच 15-13 ने मात दिली. हा पैसा खरा आहे. पण तो वर्षातल्या मोजक्या आठवड्यांत आणि मोजक्या नावांत वाटला जातो.

क्रमवारीत ऐंशीव्या जागेवरच्या माणसाचा हिशेब मांडून बघा. समजा मुंबईहून एक खेळाडू युरोपातल्या एका स्पर्धेला निघाला. तिकीट 65,000 रुपये, व्हिसा आणि विमा 12,000, सहा रात्रींचं हॉटेल 42,000, जेवणखाण 18,000, प्रवेश फी 25,000. झाले 1,62,000 रुपये. पहिले दोन सामने हरला की दुहेरी बाद पद्धतीत तो बाहेर, आणि हातात शून्य. नुसता खर्च निघायलाही त्याला पाच-सहा सामने जिंकावे लागतात. अमेरिकेत जिंकलं, तर परदेशी खेळाडूच्या बक्षिसातून साधारण 30 टक्के कर आधीच कापला जातो. वर्षात अशा आठ स्पर्धा केल्या तर आकडा तेरा लाखांच्या घरात जातो.

म्हणून खेळाडू पाठीराखा शोधतात. पाठीराखा खर्च उचलतो, बक्षीस आलं की आधी आपला खर्च वसूल करतो आणि उरलेल्यात वाटा घेतो. निम्मा-निम्मा वाटा सर्रास असतो. हा करार तोंडी ठेवू नका. तीन गोष्टी कागदावर हव्यात : हरलेल्या स्पर्धेचा खर्च पुढच्या बक्षिसातून वळता होणार की नाही, करार किती महिन्यांचा, आणि शिकवणी-जाहिरातीच्या कमाईत पाठीराख्याचा हिस्सा आहे का. पहिला मुद्दा मोघम ठेवल्यामुळेच बहुतेक भांडणं होतात. दोन वर्षांचं 'येणं' डोक्यावर चढतं आणि मग खेळाडू जिंकूनही रिकाम्या हाताने घरी येतो. अशा दडपणाखाली टेबलावर जी चिडचिड होते, ती प्रेक्षकाला उद्धटपणा वाटते.

प्रश्न : क्लबच्या स्पर्धेत मी वाकलो की समोरचा हमखास क्यूला चॉक घासायला लागतो, खिशात खुर्दा वाजवतो, पॉकेटच्या मागे येऊन उभा राहतो. रेफ्री नसतो. मी काय करावं?
(कोल्हापूर)

उत्तर : याला खेळाडू शार्किंग म्हणतात. जागतिक नियमांत हा सरळसरळ अखिलाडू वर्तनाचा प्रकार आहे. त्याच यादीत आणखी काय येतं तेही माहीत हवं : फटक्याशिवाय बॉल हलवणं, मुद्दाम मिसक्यू करून (क्यूचं टोक घसरवून) फटका मारणं, फाउल पुकारल्यावरही खेळत राहणं, सामना चालू असताना सराव करणं, टेबलावर खूण करणं, वेळ काढणं, साहित्याचा भलताच वापर करणं. शिक्षा काय द्यायची हे रेफ्रीच्या हातात असतं. ताकीद, फाउल, रॅक, सामना यांपैकी काहीही, आणि प्रकार गंभीर असेल तर पायऱ्या चढत बसायचं बंधन त्याच्यावर नाही.

आता तुमच्या प्रसंगाबद्दल. आवाज आला की उभे राहा. सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि नेमकं हेच लोक करत नाहीत. लक्ष उडालेलं असताना दात-ओठ खात फटका मारतात, चुकतात आणि मग तक्रार करतात. मारून झालेला फटका कोणी परत देत नाही. उभे राहा, क्यू टेबलापासून दूर घ्या, आणि शांतपणे एकदाच सांगा, "माझा फटका होईपर्यंत जरा बसता का?" पुन्हा झालं तर तिथेच खेळ थांबवा आणि स्पर्धाप्रमुखाला बोलवा. त्याला 'हा त्रास देतो' असं मोघम सांगू नका. काय केलं, कितव्यांदा केलं, तुम्ही कधी सांगितलं, एवढंच सांगा. प्रमुखाला दोन रॅक होईपर्यंत बाजूला उभं राहायची विनंती करा. बहुतेक वेळा तेवढंच पुरतं.

रेफ्री नसलेल्या सामन्यात दुसरी कटकट म्हणजे दोन बॉलना जवळजवळ एकदम लागणारा फटका. आधी कुठल्या बॉलला लागलं यावर हमखास वाद होतो. इथेही नियम तोच : शंका असेल तर फटक्याच्या आधी थांबवा आणि तिसऱ्या माणसाला बघायला बोलवा. नंतर आरडाओरडा करून उपयोग नाही, कारण निर्णय होत नसेल तर फायदा मारणाऱ्याला मिळतो. बघणाऱ्याने बॉलच्या जवळ, खाली वाकून बघावं आणि नजर पांढऱ्या, म्हणजे क्यूने मारायच्या, बॉलवर ठेवावी. पांढरा बॉल कुठल्या दिशेने सुटतो त्यावरून आधी कुठे लागलं याचा अंदाज येतो. फोन स्लो-मोशनवर लावून बॉलच्या उंचीला धरला तर वाद पाच सेकंदांत मिटतो.

आपला फाउल आपण सांगणं, हे खरं वागणं. पांढरा आणि समोरचा बॉल यांच्यात चॉकच्या रुंदीपेक्षा कमी अंतर असताना सरळ रेषेत फटका मारला आणि पांढरा बॉल समोरच्याच्या बरोबरीने त्याच वेगात पुढे धावला, तर टीप (क्यूचं टोक) दोनदा लागली आहे हे तुम्हाला हाताला कळलेलं असतं. शर्टाची बाही बॉलला घासते तेही तुम्हालाच कळतं. तिथे गप्प राहणारा माणूस पुढच्या शार्किंगच्या तक्रारीत कोणाच्या विश्वासाला पात्र ठरत नाही.

आणखी दोन बारकावे. 9-बॉलमध्ये सलग तीन फाउल झाले की रॅक जातो, पण दुसऱ्या फाउलनंतर 'तुमचे दोन झाले' हे समोरच्याला सांगावं लागतं. सांगितलं नाही तर तिसरा मोजला जात नाही. आणि निर्णायक रॅकमध्ये समोरचा टेबलावर असताना आपला क्यू उलगडू नका. शाफ्ट (क्यूचा पुढचा भाग) बदलायचा असेल तर गोष्ट वेगळी, एरवी ती हार मानल्याची खूण धरली जाते. रागाच्या भरात खुर्चीत बसून क्यू सोडायला घेणाऱ्यांचे सामने असे गेले आहेत, समोरच्याचा शेवटचा बॉल अजून टेबलावर असताना.

प्रश्न : रॅक नीट लागला नाही यावरून आमच्याकडे प्रत्येक स्पर्धेत तंटे होतात. टेम्प्लेट आणलं, तर आता म्हणतात 'हा हळू ब्रेक मारून फुकट बॉल घालतो'. उपाय काय?
(मडगाव)

उत्तर : हा प्रश्न वागण्याचा वाटतो, पण मुळात भूमितीचा आहे. भूमिती दुरुस्त केली की वागणं आपोआप सुधारतं, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी रॅक, म्हणजे ब्रेकआधी एकत्र रचलेले बॉल, ढिला का लागतो ते बघा. वर्षानुवर्षं एकाच जागी ब्रेक होऊन कापडाला बारीक खळगे पडतात आणि बॉल आपापल्या खळग्यात बसायला बघतात. सेटमधला एखादा बॉल बदललेला असतो, तो झिजून बाकीच्यांपेक्षा किंचित लहान झालेला असतो. चॉकची भुकटी बॉलवर चिकटलेली असते. मग पुढचा 1 नंबर आणि त्यामागचे दोन बॉल यांच्यात केसाएवढी फट राहते आणि ब्रेकची सगळी ताकद तिथेच विरते. लाकडी त्रिकोणाने रॅक लावणारा माणूस ती फट मुद्दाम ठेवूही शकतो, आणि त्यातूनच 'याने रॅक मारला' हा आरोप जन्माला येतो.

टेम्प्लेट हा पातळ प्लॅस्टिकचा कागद बॉल एकमेकांना चिकटवून ठेवतो. तो लावताना रॅकच्या जागची धूळ कोरड्या कापडाने पुसा, नऊही बॉल पुसून घ्या, बॉल ठेवले की पुढून आणि दोन्ही बाजूंनी वाकून फटीतून उजेड दिसतो का ते बघा. ब्रेकनंतर टेम्प्लेटवर एकही बॉल उरला नाही की ते उचलून रेलवर (टेबलाच्या काठावर) ठेवा.

पण रॅक घट्ट झाला की दुसरी अडचण उभी राहते. 1 नंबर स्पॉटवर (टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर) असेल तर घट्ट रॅकमधल्या कडेच्या बॉलचा मार्ग जवळजवळ ठरलेला असतो. तो मागच्या कोपऱ्यातल्या पॉकेटकडे जातो. बाजूच्या कुशनजवळून (रबरी कडेजवळून) अर्ध्या ताकदीने, 1 नंबरला कापून ब्रेक केला तर कडेचा बॉल कोपऱ्यात, 1 नंबर मधल्या पॉकेटकडे आणि पांढरा बॉल टेबलाच्या मध्यावर, हे रॅकमागून रॅक घडवता येतं. ते करणारा खेळाडू लबाड नाही. नियमाने दिलेली वाट तो शिकला आहे. शिव्या त्याला देऊन काय उपयोग?

व्यावसायिक स्पर्धांनी यावर तीन उपाय एकत्र वापरले, आणि तुम्हीही ते एकत्रच वापरा. पहिला, 1 नंबरऐवजी 9 नंबर स्पॉटवर. बॉलचा व्यास 57.15 मिलिमीटर. 9 नंबर तिसऱ्या ओळीत मध्ये असतो, म्हणजे अख्खा रॅक सुमारे 10 सेंटिमीटर ब्रेक करणाऱ्याकडे सरकतो. तेवढ्याने कडेच्या बॉलची रेषा पॉकेटच्या तोंडावरून हटते आणि तो कुशनवर आपटतो. दुसरा, ब्रेकची चौकट. पांढरा बॉल ब्रेकच्या आडव्या रेषेच्या मागे कुठेही न ठेवता मध्यभागी आखलेल्या पट्ट्यातच ठेवायचा, म्हणजे कुशनला खेटून कापायची सोय जाते. तिसरा, तीन बॉलचा नियम. ब्रेकमध्ये किमान तीन बॉल पॉकेटमध्ये जायला हवेत किंवा ब्रेकच्या आडव्या रेषेपर्यंत यायला हवेत, दोन्ही मिळून तीन. नाही झालं तर समोरच्याला निवड : आहे त्या स्थितीत स्वतः खेळायचं किंवा खेळ ब्रेक करणाऱ्यालाच परत द्यायचा. हळू ब्रेकची मजा तिथेच संपते.

एकच उपाय घेतला तर फसतं. फक्त 9 स्पॉटवर नेलात तर हुशार खेळाडू दोन दिवसांत दुसरा कोन शोधतो.

आणि रॅक कोणी लावायचा? शक्य असेल तर तिसऱ्या माणसाने. प्रत्येकाने स्वतःचा लावायचा ठरवलं तर एक गोष्ट फळ्यावर लिहा : 9-बॉलमध्ये फक्त 1 आणि 9 यांच्या जागा ठरलेल्या आहेत, बाकीचे सात कुठल्याही हेतूशिवाय पडतील तसे ठेवायचे. 2 नंबर दर वेळी एकाच टोकाला ठेवणारा खेळाडू ब्रेकनंतरचा पहिला फटका आधीच सोपा करून ठेवत असतो. ते नियमाविरुद्ध आहे.

प्रश्न : एकेक फटक्याला तीन-तीन मिनिटं लावणाऱ्यांचं काय करायचं?
(सोलापूर)

उत्तर : घड्याळ लावा, पण सगळ्यांना एकदम नको. मोठ्या स्पर्धांत फटक्याला 30 ते 35 सेकंद, दहा उरले की सूचना आणि प्रत्येक रॅकमध्ये एकदाच जादा वेळ मिळतो. क्लबात ते प्रत्येक टेबलावर जमत नाही, म्हणून अर्धा सामना व्हायला हवा होता त्या वेळेला कुठे पोचलाय ते बघा. मागे पडला असेल तर तिथून पुढे दोघांनाही घड्याळ. एकालाच लावलंत तर ती शिक्षा दिसते आणि नवा वाद सुरू होतो. मोजायला फोन चालतो, पण मोजणारा खेळाडूंपैकी नसावा. मोजणी सगळे बॉल थांबल्यावर सुरू करायची, आधी नाही.

प्रश्न : आम्ही काही मित्र 32 जणांची 9-बॉल स्पर्धा घेतोय, एक लाख रुपये बक्षीस. तुम्ही आयोजकांवर टीका करता, मग नीट कसं करायचं तेही सांगा.
(नाशिक)

उत्तर : आनंदाने. पहिलं काम पोस्टर छापायचं नाही. पहिलं काम, लाख रुपये वेगळ्या बँक खात्यात जमा करायचे, त्या खात्यावर दोघांच्या सह्या लागतील असं करायचं, आणि ती नोंद खेळाडूंना दाखवायची. 32 जणांची प्रवेश फी हजार रुपये धरली तर 32,000 होतात, म्हणजे 68,000 प्रायोजकाचे किंवा तुमच्या खिशातले. ते 68,000 हातात नसताना 'एक लाख' हा आकडा जाहीर करू नका. वीसच नावं आली तर काय, हे आधीच लिहा. बक्षीस खात्रीचं असेल तर 'खात्रीचं' लिहा, नावांवर अवलंबून असेल तर '32 प्रवेशांसाठी' असं लिहा. या एका ओळीअभावी शेवटच्या रात्री भांडणं होतात.

वाटप असं बसतं : पहिला 30,000, दुसरा 20,000, तिसरा 12,000, चौथा 8,000, पाचवा-सहावा प्रत्येकी 6,000, सातवा-आठवा प्रत्येकी 4,000, नववा ते बारावा प्रत्येकी 2,500. बरोबर एक लाख. पहिल्यालाच साठ हजार देण्याचा मोह टाळा. बाराव्याला फीच्या अडीचपट मिळाले तर तो पुढच्या वर्षी येतो आणि मित्राला घेऊन येतो.

आता वेळ. दुहेरी बाद पद्धतीत 32 जणांचे 62 सामने होतात, अंतिम सामना दोनदा झाला तर 63. सात रॅकच्या सामन्याला तासभर धरा. चार टेबलं असतील तर साडेपंधरा तास लागतील, तेही एकही टेबल रिकामं राहिलं नाही तर. तसं कधीच होत नाही, कारण शेवटच्या फेऱ्यांत दोन टेबलं मोकळीच पडतात. पूर्ण दोन दिवस ठेवा. एका दिवसात उरकायला जाल तर रात्री दोनला उपांत्य सामना, थकलेले खेळाडू, आणि मग ज्याला तुम्ही बेशिस्त म्हणता ती बेशिस्त. तिची अर्धी जबाबदारी वेळापत्रक करणाऱ्याची.

सोडत सगळ्यांसमोर काढा. एका पानावर वागण्याचे नियम छापून प्रवेशाच्या वेळी सही घ्या : उशीर किती मिनिटं चालेल, पोशाख काय, शिवी दिली तर काय, क्यू आपटला तर काय. शिक्षेच्या पायऱ्याही तिथेच छापा : ताकीद, मग फाउल आणि समोरच्याला बॉल इन हँड (पांढरा बॉल हवा तिथे ठेवून खेळायची मुभा), मग रॅक, मग सामना. निर्णय देणारा एकच माणूस नेमा आणि तो स्वतः स्पर्धेत खेळणारा नसावा. आणि पहिला दंड तुमच्या ओळखीच्या, नावाजलेल्या खेळाडूला द्यायची वेळ आली तर द्याच. सगळ्यांचे डोळे त्याच दंडाकडे लागलेले असतात.

बक्षीस त्याच संध्याकाळी, टेबलांवरचे दिवे विझायच्या आत, बँकेतून थेट खात्यात. समारंभातला पुठ्ठ्याचा मोठा चेक फोटोपुरता.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. इथल्या पूल हॉलमध्ये स्पर्धेआधी 'कॅलकटा' नावाचा लिलाव असतो. नाव आपल्याकडचं वाटतं. यात भाग घ्यावा का?
(न्यू जर्सी, अमेरिका)

उत्तर : नाव आपल्याकडचंच. कलकत्त्याच्या घोड्यांच्या शर्यतींवर जी सोडत लागायची, तिच्यावरून ते आलं असं मानतात. प्रकार असा : प्रत्येक खेळाडूचा लिलाव होतो, जास्त बोली लावणारा त्याचा 'मालक' ठरतो, सगळ्या बोलींचा गल्ला होतो आणि पहिल्या काही क्रमांकांच्या मालकांना तो वाटला जातो. खेळाडूला सहसा आपला निम्मा हिस्सा विकत घ्यायची मुभा असते.

भाग घ्यायचा तर आधी तुमच्या राज्यात तो कायदेशीर आहे का ते बघा. पण आमचं मत विचाराल, तर हा प्रकार खेळाला पोखरतो. कित्येकदा गल्ला स्पर्धेच्या बक्षिसापेक्षा मोठा होतो. मग एखाद्या खेळाडूने दुसऱ्यामध्ये हिस्सा घेतलेला असेल आणि दोघांचीच गाठ पडली, तर हरण्यात जास्त पैसे मिळतात. अंतिम सामन्याआधी दोघांनी बक्षीस आपसांत वाटून घ्यायचं ठरवणं हीसुद्धा जुनी सवय. उपाशी धंद्यात ती समजण्यासारखी आहे, पण बघणाऱ्याने तिकीट काढलेलं असतं ते खऱ्या लढतीसाठी. स्नूकरमध्ये जून 2023 मध्ये निकाल ठरवण्याच्या प्रकरणात दहा चिनी खेळाडूंवर बंदी आली, त्यांपैकी लियांग वेनबो आणि ली हांग यांच्यावर जन्मभराची. सट्ट्याच्या हालचालींवर नजर ठेवणारी यंत्रणा होती म्हणून ते उघड झालं. हॉलमधल्या रोख लिलावावर नजर ठेवायला कोणी नसतं. निदान एवढा आग्रह धरा : खेळाडूने स्वतःशिवाय दुसऱ्या कोणातही हिस्सा घ्यायचा नाही, आणि कोणाचा हिस्सा कोणाकडे आहे ती यादी भिंतीवर लावायची.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, 9-बॉल छान खेळते. तिने पूलमध्येच पुढे जावं का?
(एक आई, पुणे)

उत्तर : खेळू द्या, पण फक्त पूलवर भिस्त ठेवू नका. आपल्याकडे शिडी आहे ती स्नूकर आणि बिलियर्ड्सची. मुंबईचे यासीन मर्चंट 1989 आणि 2001 मध्ये आशियाई स्नूकर विजेते झाले. आदित्य मेहताने 2013 च्या जागतिक खेळांत (वर्ल्ड गेम्स) स्नूकरचं सुवर्ण आणलं. मुंबई-पुण्यातल्या जिमखान्यांतल्या स्पर्धा मुख्यतः स्नूकरच्याच. पेट्रोलियम कंपन्या आणि रेल्वे क्यू स्पोर्ट्सच्या खेळाडूंना नोकरी देतात, आणि महिन्याचा पगार येत असला की हरलेली स्पर्धा जीवघेणी होत नाही. आशियाई खेळांत हे प्रकार 1998 ते 2010 पर्यंत होते, 2014 मध्ये वगळले गेले. त्याचा फटका सरकारी मदतीला बसतो.

राष्ट्रीय स्पर्धेत पूलचेही गट असतात, तेव्हा दोन्ही करता येतं. आठवड्यातले चार दिवस स्नूकर टेबलावर लांबचे सरळ पॉट, दोन दिवस पूल टेबलावर ब्रेक आणि पांढऱ्या बॉलची जागा. अॅलिसन फिशर इंग्लंडमध्ये स्नूकरची जगज्जेती होती. 1995 मध्ये ती अमेरिकेत पूलकडे वळली आणि तिथेही वर्षानुवर्षं अव्वल राहिली. स्नूकरकडून पूलकडे येणं जमतं, उलटं फार अवघड जातं, कारण स्नूकरची पॉकेटं चूक माफ करत नाहीत.

एक काम मात्र आजपासून करा. तिला एक वही द्या. प्रत्येक स्पर्धेची फी, प्रवास, बक्षीस, आणि बक्षीस जाहीर झाल्यापासून किती दिवसांनी हातात आलं, एवढं त्यात लिहायचं. दोन वर्षांनी कुठल्या आयोजकाच्या स्पर्धेला जायचं आणि कुठल्या नाही, हे त्या वहीतूनच कळेल.